चित्रातील श्वान आणि जिवंत श्वान
कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीच्या इतिहासाचा एक विचार

१. विषयाचे स्वरूप

पाळीव प्राण्यांचा इतिहास हा इतिहासाच्या अभ्यासात आजवर गौण मानला गेलेला विषय आहे. राजांच्या सनदा, लढायांच्या हकिकती आणि महसुलाची दप्तरे यांच्या शेजारी राजाच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याला कोणी जागा देत नाही. परंतु ज्या प्राण्याचा देह पिढ्यानुपिढ्या माणसाच्या आवडीनुसार घडत गेला, त्याचा देह हाही एक प्रकारचा अभिलेखच असतो. त्यावर कोणत्या काळाची कोणती अभिरुची उमटली आणि तिचे मोल कोणी दिले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत निश्चितपणे येतात.

इंग्लंडमधील कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही कुत्र्याची जात या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. रेशमी केसांचा, लोंबत्या कानांचा, मोठ्या काळ्याभोर डोळ्यांचा हा लहानसा कुत्रा सतराव्या शतकातील स्टुअर्ट राजघराण्याचा आवडता कुत्रा म्हणून जगभर ओळखला जातो. त्याचे नावही त्या काळाची आठवण देणारे आहे. इंग्लंडच्या यादवी युद्धात, म्हणजे १६४२ ते १६५१ या काळात, राजाच्या पक्षाने लढणाऱ्यांना कॅव्हेलियर म्हणत असत. तथापि ही जात स्वतंत्र म्हणून ब्रिटनच्या केनेल क्लबच्या नोंदवहीत आली ती १९४५ साली. नाव तीनशे वर्षांपूर्वीचे आणि नोंद विसाव्या शतकाच्या मध्यावरची, ही विसंगती कशी निर्माण झाली? ही जात जुन्या काळाचा अवशेष मानावयाची, की जुन्या चित्रांवरून केलेली पुनर्रचना? या प्रश्नाचे उत्तर केवळ पांडित्याचा भाग नाही. या जातीच्या आजच्या शारीरिक दुःखाचा आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविषयी दिलेल्या निर्णयाचा उलगडा त्या उत्तरावाचून होत नाही.

२. नाम आणि मूळ

स्पॅनियल या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील ‘स्पेनचा’ या अर्थाच्या शब्दात आहे. फ्वाचा काउंट गास्ताँ फेब्यूस याने १३८७ ते १३८९ या काळात रचलेल्या मृगयाविषयक ग्रंथात पक्ष्यांच्या शिकारीसाठी उपयोगी पडणाऱ्या या कुत्र्यांचे वर्णन आहे आणि त्यांचे मूळ स्पेनमध्ये असल्याचे म्हटले आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने या ग्रंथाचा मोठा भाग इंग्रजीत आणला. नावावरून मूळ देश ठरविणे नेहमीच सुरक्षित नसते. पण चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे कुत्रे स्पेनचे म्हणून ओळखले जात होते, एवढे या ग्रंथावरून सिद्ध होते.

त्या काळी स्पॅनियल हे जातीचे नव्हे तर कामाचे नाव होते. झुडपात दडलेला तित्तिर किंवा अन्य पक्षी उठवावयाचा, ससाण्याला अथवा जाळे टाकणाऱ्याला संधी द्यावयाची आणि पाण्यात पडलेली शिकार आणावयाची, ही त्याची कामे होत. एकाच वेतातील थोराड पिल्ले एका कामाला आणि लहान चणीची दुसऱ्या कामाला लावण्याची रीत फार उशिरापर्यंत चालू होती. आज सर्वस्वी भिन्न मानल्या जाणाऱ्या कॉकर आणि स्प्रिंगर या स्पॅनियलांची केनेल क्लबच्या दप्तरी फारकत झाली तीही एकोणिसावे शतक संपता संपता.

इंग्लंडमधील कुत्र्यांचे पहिले पद्धतशीर वर्गीकरण केंब्रिजचा विख्यात वैद्य जॉन कायस याने केले. स्वित्झर्लंडचा निसर्गाभ्यासक कॉनराड गेस्नर याच्यासाठी त्याने लिहिलेली लॅटिन पुस्तिका १५७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १५७६ मध्ये एब्रहॅम फ्लेमिंग याने तिचे इंग्रजी भाषांतर केले. कायसच्या वर्गीकरणात जमिनीवरचा आणि पाण्यातला अशा दोन शिकारी स्पॅनियलांखेरीज एक तिसरा, अगदी लहान असा कुत्रा येतो. त्याला तो सौम्य स्पॅनियल अथवा सांत्वन करणारा असे म्हणतो. श्रीमंत स्त्रिया असे कुत्रे मांडीवर बाळगतात, याबद्दल त्याने त्यांना खरपूस शब्द ऐकविले आहेत. मात्र वैद्य या नात्याने तो या कुत्र्याचा एक उपयोगही नोंदवितो. पोटाच्या व छातीच्या विकारात असा कुत्रा अंगाशी धरला असता त्याच्या उबेने वेदना शमतात. इतकेच नव्हे, तर रोग्याची व्याधी आपली जागा सोडून त्या कुत्र्याच्या शरीरात शिरते, अशी समजूत तेथे नमूद झाली आहे.

सोळाव्या शतकातील वैद्यकाची ही एक भाबडी कल्पना म्हणून ती सोडून देता येईल. परंतु या जातीचा पुढील इतिहास पाहिला असता त्या कल्पनेची आठवण पुन्हा पुन्हा होते.

३. दरबारातील साक्ष

लहान स्पॅनियलांविषयीची सोळाव्या व सतराव्या शतकांतील साधने दोन प्रकारची आहेत. एक चित्रे आणि दुसरी रोजनिशा व वृत्तान्त. चित्रांमध्ये टिशियनच्या १५३८ सालच्या ‘अर्बिनोची व्हीनस’ या चित्रात पायाशी निजलेला तांबूस-पांढरा लहान कुत्रा सर्वपरिचित आहे. अँथनी व्हॅन डाइक याने १६३७ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या पाच मुलांचे जे चित्र काढले, त्यात मध्यभागी प्रचंड मॅस्टिफ आणि एका बाजूस चिमुकला स्पॅनियल आहे. मॅस्टिफच्या मस्तकावर हात ठेवून उभा असलेला मुलगा पुढे दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला. या चित्रांतील लहान स्पॅनियलांचा माथा बहुधा सपाट असून नाक लांबट व निमुळते आहे.

लेखी साधने वाचताना अधिक सावधगिरी बाळगावी लागते. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे येथे शिरच्छेद झाला, तेव्हा तिच्या वस्त्रांखाली एक लहान कुत्रा सापडला, असे प्रत्यक्षदर्शी वृत्तान्तात आहे. तो स्पॅनियल होता असे पुढील लेखक छातीठोकपणे सांगतात. वृत्तान्तात मात्र तो केवळ एक लहान कुत्रा आहे. सॅम्युएल पेपिस याने सप्टेंबर १६६७ मधील रोजनिशीत, राजा दुसरा चार्ल्स सभेत कामाकडे लक्ष न देता आपल्या कुत्र्याशी खेळत बसला होता, अशी तक्रार केली आहे; तेथेही जातीचा उल्लेख नाही. जॉन एव्हलिन याचा पुरावा अधिक निश्चित आहे. १६८५ मध्ये राजाच्या निधनानंतर त्याचे गुणदोष मांडताना एव्हलिन लिहितो की, राजाला लहान स्पॅनियलांचा घोळका बरोबर बाळगण्याचा छंद होता. ते त्याच्या शयनगृहात निजत आणि तेथेच विऊन पिल्ले वाढवीत, त्यामुळे सगळा दरबार दुर्गंधीने भरून जाई. राजाच्या नावाशी ही जात जोडली गेली ती या छंदामुळे.

याउलट, या कुत्र्यांना इंग्लंडमधील कोणत्याही सार्वजनिक जागी, अगदी पार्लमेंटच्या सभागृहातही, प्रवेश द्यावा असा कायदा दुसऱ्या चार्ल्सने केला होता, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट निराधार आहे. असा कायदा उपलब्ध नाही. आवडत्या वस्तूला राजाज्ञेचे वलय देण्याची लोकांची प्रवृत्ती एवढेच तिच्यावरून दिसते.

४. नाकाची घट

१६८९ मध्ये विल्यम आणि मेरी गादीवर आल्यानंतर हॉलंडहून आलेल्या पग कुत्र्यांचे दरबारात प्रस्थ वाढले. स्पॅनियल मागे पडला, पण नाहीसा झाला नाही. मार्लबरोच्या ड्यूकच्या घराण्याने तांबूस-पांढऱ्या स्पॅनियलांची पैदास चालू ठेवली. १३ ऑगस्ट १७०४ च्या ब्लेनहिमच्या विजयावरून त्या घराण्याच्या प्रासादाला जे नाव मिळाले, तेच या रंगाच्या कुत्र्यांनाही चिकटले. पती रणांगणावर असताना डचेस सारा हिने काळजीने गाभण कुत्रीच्या कपाळावर अंगठा दाबून धरला आणि जन्मलेल्या पिल्लांच्या माथ्यावर त्याचा तांबडा ठसा उमटला, ही कथा आजही सांगतात. कपाळावरील या ठिपक्याला पुढे प्रदर्शनांत विशेष मोल आले.

व्हिक्टोरिया राणीच्या बाळपणीचा सोबती डॅश हा तिरंगी स्पॅनियल होता. २८ जून १८३८ रोजी राज्याभिषेकाचा समारंभ आटोपून आल्यावर राणीने प्रथम काय केले असेल तर डॅशला आंघोळ घातली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. एडविन लँडसीअरने त्याची चित्रे काढली, आणि १८४५ मध्ये ‘कॅव्हेलियरचे लाडके’ या नावाने ओळखले जाणारे दोन स्पॅनियलांचे चित्रही त्यानेच प्रदर्शनात ठेवले.

याच शतकात एक मोठा बदल घडून आला. नाक आखूड, माथा घुमटाकार आणि डोळे अधिक पुढे आलेले असे रूप लोकांना आवडू लागले. पग अथवा पौर्वात्य आखूड नाकाच्या कुत्र्यांशी संकर झाल्याने हे घडले असे पुष्कळांचे मत आहे. केवळ निवडीनेही ते घडू शकते. कारण काहीही असो, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाल्यानंतर या बदलाला वेग आणि कायमपणा आला. कुत्रा घरात कसा वागतो, झुडपातून पक्षी कसा उठवितो, यापेक्षा परीक्षकासमोर टेबलावर कसा दिसतो याला महत्त्व आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वंशनोंदवही बंद झाली. नोंदलेल्या आईबापांचीच पिल्ले त्या जातीची मानली जाऊ लागली. १९०३ मध्ये रंगांवरून वेगळ्या मानलेल्या चार प्रकारांना एकत्र करून एकच नाव देण्याचा केनेल क्लबने प्रयत्न केला, तेव्हा वाद माजला. अखेर सातव्या एडवर्ड राजाच्या पसंतीने किंग चार्ल्स स्पॅनियल हे नाव कायम झाले. विरोधाभास असा की, त्या नावाचा कुत्रा आता त्या राजाच्या कुत्र्यासारखा मुळीच दिसत नव्हता.

ही गोष्ट जाणकारांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. जूडिथ ब्लंट-लिटन या विदुषीने १९११ मध्ये लहान कुत्र्यांच्या पूर्वजांविषयी लिहिलेल्या बृहद्ग्रंथात जुन्या चित्रांचा कसून अभ्यास केला आणि प्रचलित मतांवर कठोर टीका केली. चित्र हे पैदासीच्या इतिहासाचे साधन म्हणून वापरण्याचा तो पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय.

५. पंचवीस पौंडांचे पारितोषिक

१९२६ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा रहिवासी रॉझवेल एल्ड्रिज याने लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात एक अनपेक्षित पारितोषिक जाहीर केले. जुन्या चित्रांत दिसतो तसा स्पॅनियल शोधण्यासाठी तो इंग्लंडमध्ये आला होता; पण त्याला सर्वत्र आखूड नाकाचेच कुत्रे आढळले. दुसऱ्या चार्ल्सच्या काळच्या चित्रांतल्यासारखा जुन्या धर्तीचा ब्लेनहिम स्पॅनियल, म्हणजे लांब चेहऱ्याचा, सपाट माथ्याचा, कपाळाच्या मध्यावर ठिपका असलेला नर आणि तशीच मादी जो आणील, त्याला प्रत्येकी पंचवीस पौंड मिळावयाचे होते. पैदास करणाऱ्यांपैकी अनेकांना हा प्रकार विक्षिप्तपणाचा वाटला. ज्या दोषासाठी ते पिल्ले बाजूला टाकीत, तोच आता गुण ठरत होता. आरंभी कुत्रे फारच थोडे आले.

१९२८ मध्ये ‘अ‍ॅन्स सन’ या नावाच्या कुत्र्याला पारितोषिक मिळाले. एल्ड्रिज त्यापूर्वी थोड्याच दिवसांनी, त्याच वर्षी निवर्तला होता. त्याच प्रदर्शनाच्या वेळी ॲमिस पिट आणि तिचे सहकारी यांनी नवी संस्था स्थापन केली, कॅव्हेलियर हे नाव निवडले आणि जातीचे मानक ठरविले. ही सभा इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. टेबलावर अ‍ॅन्स सन उभा होता आणि भोवती सोळाव्या ते अठराव्या शतकांतील चित्रांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. चित्र आणि जिवंत प्राणी यांची तुलना करून शब्द ठरविण्यात आले. शिवाय या कुत्र्याला फॅशनपासून होता होईल तितके जपावे, त्याचे केस कातरू नयेत, कोणाच्या वैयक्तिक आवडीसाठी त्याचे नैसर्गिक रूप बिघडवू नये, असेही ठरले. हेतूच्या दृष्टीने पाहता कुत्र्यांच्या जातींच्या इतिहासात इतके सद्भावपूर्ण मानक क्वचितच आढळेल.

दुसऱ्या महायुद्धातील अन्नटंचाईमुळे पैदास करणाऱ्यांना आपले कुत्रे फार कमी करावे लागले. युद्ध संपले तेव्हा मोजकेच प्राणी उरले होते. १९४५ मध्ये स्वतंत्र नोंद झाल्यावर त्या मोजक्या प्राण्यांपासून जात वाढली आणि झपाट्याने लोकप्रिय झाली. १९७३ मध्ये क्रफ्ट्स प्रदर्शनाचा सर्वोच्च मान एका कॅव्हेलियरला मिळाला. १९९५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनेही तिला मान्यता दिली.

६. पुनर्रचनेची मर्यादा

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. १९२६ नंतर लांब नाकाचे जे कुत्रे निवडले गेले, ते एखाद्या आडगावात स्टुअर्ट काळापासून अस्पर्शित राहिलेल्या वंशाचे नव्हते. मुख्यतः ते आखूड नाकाच्या प्रदर्शनी कुत्र्यांच्या वेतांत अधूनमधून जन्मणारे, मागे वळलेले प्राणी होते. म्हणजे परत आले ते रूप. ते रूप धारण करणारा विस्तृत, मिश्र आणि कामाच्या कसोटीवर टिकलेला श्वानसमुदाय परत आला नाही, येणे शक्यही नव्हते. सतराव्या शतकातील लहान स्पॅनियलाला नोंदवही नव्हती. शेजारच्या शिकारी स्पॅनियलाशी त्याचा संबंध येई आणि वंशात नवे रक्त मिसळत राही. विसाव्या शतकातील त्याच्या प्रतिमेला मात्र प्रथम अल्प संख्येची, मग युद्धाची आणि अखेर बंद नोंदवहीची अशी तीन अरुंद दारे ओलांडावी लागली. चित्रावरून नाकाची लांबी मोजता येते. हृदयाची झडप किंवा कवटीच्या तळाची पोकळी मोजता येत नाही. साधनाची ही मर्यादा १९२८ च्या सभेच्या ध्यानात आली नाही.

उप्साला विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आठ जातींच्या कुत्र्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करण्यात आली. तीत हानिकारक जनुकीय फरकांचा भार कॅव्हेलियरमध्ये सर्वांत अधिक आढळला. हृदयाच्या झडपेच्या विकाराशी संबंध असलेले काही फरक तर या जातीत जवळजवळ सर्वच प्राण्यांत स्थिर झाले असल्याचे दिसले.

७. लक्षणे, व्याधी आणि निगा

कॅव्हेलियरचे वजन साधारणतः साडेपाच ते सव्वाआठ किलोग्रॅम आणि खांद्यापाशी उंची तीस ते तेहतीस सेंटिमीटर असते. काळा-तांबूस, गडद तांबडा, तांबूस-पांढरा म्हणजे ब्लेनहिम, आणि तिरंगी असे चार रंग मान्य आहेत. स्वभाव आनंदी, निर्भय आणि माणसाळलेला. अनोळखी माणसाशीही सहज सलगी करणारा असल्यामुळे राखणीसाठी त्याचा उपयोग नाही. त्याला एकटेपणा सोसत नाही. अंगी शिकारी पूर्वजांचे वळण शिल्लक असल्याने पक्षी अथवा फुलपाखरू दिसताच तो रस्त्याचे भान न ठेवता धावतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर त्याला साखळीवाचून सोडू नये.

बाह्य निगा फारशी कठीण नाही. कान, छाती, पाय आणि शेपटी यांवरील लांब केस एक दिवसाआड विंचरावेत, नाहीतर त्यांच्या गाठी होतात. लोंबत्या कानांमुळे आत हवा खेळत नाही. दर आठवड्यास कान उघडून पाहावेत आणि पाण्यात भिजल्यावर कोरडे करावेत. कानाच्या पडद्यामागे चिकट स्राव साठण्याचा विकार या जातीत विशेष आढळतो, म्हणून ऐकू कमी येत असल्याचे जाणवल्यास ते केवळ हट्टीपणावर ढकलू नये. दात नियमितपणे घासावेत. हा कुत्रा खादाड आहे आणि त्याचे मोठे डोळे पाहून घरातील प्रत्येकजण त्याला घास देतो. परंतु वाढलेले वजन त्याच्या हृदयाला परवडणारे नाही.

खरी काळजी घ्यावयाची ती आतील दोन व्याधींची. पहिली हृदयाच्या मिट्रल झडपेची. ही झडप हळूहळू जाड व विरूप होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे झिरपते. इतर लहान जातींत हा म्हातारपणाचा विकार आहे. कॅव्हेलियरमध्ये तो कितीतरी आधी सुरू होतो. पाच-सहा वर्षांच्या सुमारास निम्म्या कुत्र्यांच्या हृदयात विकृत ध्वनी ऐकू येतो आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सर्वांत. म्हणून दरवर्षी पशुवैद्याकडून छाती तपासून घेणे, निजलेल्या अवस्थेत श्वासाची गती मोजणे आणि खोकला वा धाप यांकडे दुर्लक्ष न करणे, हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६० कुत्र्यांवरील एका चाचणीत असे दिसून आले की, हृदय मोठे झाले आहे पण अद्याप निकामी झालेले नाही अशा अवस्थेत पिमोबेंडन हे औषध सुरू केल्यास हृदय निकामी होणे सरासरीने सुमारे पंधरा महिन्यांनी लांबते.

दुसरी व्याधी मेंदू आणि पाठीचा कणा यांची. कवटीची मागील पोकळी मेंदूच्या मानाने अपुरी पडते, मेंदूचा मागील भाग खालच्या छिद्रापाशी दाटतो आणि मेंदूभोवती वाहणाऱ्या द्रवाला अडथळा होतो. परिणामी पाठीच्या कण्यातील मज्जेत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. अशा कुत्र्याला मान, खांदे यांना स्पर्शही सहन होत नाही, चालता चालता तो मागील पायाने हवेतच खाजविल्यासारखे करतो, उचलताच केकाटतो. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा न घालता छातीवरून बांधण्याचा पट्टा वापरावा, जेवणाचे भांडे थोडे उंचावर ठेवावे आणि वेदनाशामक उपचार वेळीच सुरू करावेत. निश्चित निदान चुंबकीय अनुनाद प्रतिमेनेच होते.

पैदास करणाऱ्याचे उत्तरदायित्व याहून मोठे आहे. अचानक अंग ताठून पडण्याचा विकार आणि कुरळे केस व कोरडे डोळे घेऊन जन्मण्याचा विकार या दोहोंची जनुके २०१२ च्या सुमारास सापडली. ते विकार एकेका जनुकाचे असल्याने चाचणी करून टाळता येतात. हृदय आणि कवटी यांच्या व्याधी अनेक जनुकांच्या असल्यामुळे तसा सोपा मार्ग नाही. किमान अडीच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय आणि आईबापांची हृदये पाच वर्षांपर्यंत निर्दोष असल्याशिवाय प्राण्याची पैदास करू नये, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. डेन्मार्कमध्ये हृदयपरीक्षा सक्तीची केल्यावर आठ-दहा वर्षांत या विकाराचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. जेथे असे दंडक ऐच्छिक राहिले, तेथे ते फारसे पाळले गेले नाहीत.

८. न्यायालयासमोर इतिहास

ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने वंशशुद्ध कुत्र्यांच्या आरोग्यावर एक माहितीपट प्रसारित केला. त्यात पाठीच्या कण्याच्या व्याधीने तळमळणाऱ्या कॅव्हेलियरची दृश्ये होती. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबविले. केनेल क्लबने २००९ मध्ये आईबाप व अपत्य किंवा सख्खी भावंडे यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंद बंद केली. जानेवारी २०१० मध्ये पॅट्रिक बेटसन यांचा स्वतंत्र चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि पैदासीतील दोष सार्वजनिक चर्चेचा विषय बनले.

नॉर्वेमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. तेथील प्राणिकल्याण कायद्याचे पंचविसावे कलम, प्राण्यांच्या शारीरिक वा मानसिक कार्यास बाधा आणणाऱ्या गुणांची पैदास निषिद्ध ठरविते. प्राणिरक्षण संस्थेने केलेल्या दाव्यात ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने ३१ जानेवारी २०२२ रोजी इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन्ही जातींची पैदास या कलमाविरुद्ध असल्याचे ठरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने बुलडॉगच्या बाबतीत हा निर्णय फिरविला. कॅव्हेलियरच्या बाबतीत तो कायम ठेवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला. कुत्रे बाळगण्यास या निर्णयाने मनाई केली नाही. शास्त्रशुद्ध योजनेनुसार अन्य जातींशी संकर करण्याचा मार्गही मोकळा राहिला. जातीच्या बंद वर्तुळात राहून निरोगी प्राणी निपजण्याची वाजवी आशा उरलेली नाही, हे या निर्णयाचे सार होय.

पैदास करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. तपासलेल्या, निवडक प्राण्यांचाच उपयोग केल्यास जात सुधारता येईल. संकराने तिची ओळख पुसली जाईल. शिवाय बंदी घातल्यास निष्काळजी विक्रेत्यांचेच फावेल, असे त्यांचे म्हणणे आहे. यातील शेवटचा मुद्दा व्यवहाराच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. पण ओळख पुसली जाण्याचा मुद्दा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या स्टुअर्टकालीन स्पॅनियलाचा वारसा ही जात सांगते, तो कुत्रा बंद वंशाचा नव्हताच. त्याचे रूप टिकले होते ते उपयोगाने आणि मिश्रणाने, नोंदवहीने नव्हे. संकराचा मार्ग हा परंपरेचा भंग नसून, १८७३ पूर्वीच्या परंपरेकडे परत जाणे आहे. १९२६ मध्ये एल्ड्रिजने चित्रातील रूप मागितले आणि ते त्याला मिळाले. त्या रूपामागील श्वानसमुदायाची मागणी मात्र त्या वेळी कोणी केली नाही. ती आता न्यायालयाच्या मार्गाने पुढे आली आहे.

९. समारोप

एकंदर पुराव्यावरून असा निष्कर्ष निघतो की, कॅव्हेलियर हा भूतकाळाचा अवशेष नसून विसाव्या शतकाने भूतकाळाविषयी बाळगलेल्या कल्पनेचा सजीव आविष्कार आहे. त्याच्या निर्मात्यांचा हेतू निर्मळ होता. फॅशनपासून त्याला वाचविण्याची त्यांनी शपथच घेतली होती. परंतु जुन्या काळाचे रूप जसेच्या तसे गोठविण्याची इच्छा हीदेखील एक फॅशनच आहे, आणि इतर फॅशनप्रमाणे तिचेही मोल कोणाला तरी द्यावे लागते. इमारतीच्या जीर्णोद्धारात चूक झाली तर दगड दुखत नाहीत. येथे ज्याचा जीर्णोद्धार झाला तो प्राणी वेदना जाणणारा होता.

जॉन कायसच्या काळी असे मानीत की, माणसाची व्याधी अंगाशी धरलेल्या लहान स्पॅनियलाच्या देहात उतरते. वैद्यकाने ती समजूत केव्हाच टाकून दिली. साडेचारशे वर्षांचा वृत्तान्त एकत्र वाचला असता मात्र तिच्यात एक निराळे सत्य आढळते. माणसाच्या सांत्वनासाठी ज्याला मांडीवर घेतले, त्याच्या देहात माणसाची आवड उतरत गेली आणि आवडीबरोबर तिचे दोषही उतरले. सांत्वन करण्याची पाळी आता माणसाची आहे. रोजची विंचरणी, वर्षाची हृदयपरीक्षा आणि जातीची दारे उघडण्याचे धैर्य, ही त्या ऋणाच्या फेडीची साधने होत.